आप्पांचा दिवड

आप्पा केंजळे आधी हाणत आणि मग ओळखत. ते गेल्यावर सोसायटीच्या फलकावर 'ज्येष्ठ सर्पमित्र' असं लिहून त्यांच्या फोटोला हार घातला, तेव्हा मला क्षणभर वाटलं की फोटो चुकला. आप्पा सापांचे मित्र नव्हते. तसे ते कोणाचेच नव्हते. शोकसभेत आमचे अध्यक्ष दामले म्हणाले, "मुक्या जिवांवर निरपेक्ष प्रेम करणारं ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व आपल्यातून गेलं." त्याच दामल्यांनी, त्याच माइकवरून, काही वर्षांपूर्वी त्याच आप्पांना 'कालियामर्दन' म्हटल्याचं मी ऐकलेलं आहे. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, एवढाच फरक.

आमची सोसायटी धायरीत, ओढ्याला लागून आहे. बिल्डरने जाहिरातीत ओढ्याला 'निर्झर' म्हटलं आणि बांधताना त्याच्या अंगावर पार्किंग घातलं. त्यामुळे दर पावसाळ्यात हा निर्झर पार्किंगमध्ये येतो, आपली जुनी जागा बघतो आणि चिखल ठेवून जातो. त्याच्याबरोबर मासे येतात, बेडूक येतात आणि बेडकांच्या मागून साप येतात. साप आला की जिन्यात गर्दी होई आणि वरच्या मजल्यांकडे तोंड करून एकच हाक जाई, "आप्पाऽ!"

आप्पा बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी अशा वेशात खाली येत. हातात काठी. काठीच्या टोकाला लोखंडाचं कडं होतं. ते त्यांनी कारखान्यात असताना स्वतः ठोकून बसवलं होतं. उभं आयुष्य त्यांनी एका फोर्ज शॉपमध्ये, मोठ्या यांत्रिक घणाखाली तापलेलं लोखंड सरकवण्यात घालवलं होतं. त्या घणाने त्यांचा डावा कान घेतला आणि हातावर, कढईतून मोहरी उडावी तसे, ठिणग्यांचे काळे ठिपके ठेवले. डाव्या बाजूने कोणी बोललं तर त्यांना नुसते ओठ हलताना दिसत, आणि ओठ हलवणारा माणूस आपल्याविरुद्ध बोलतो आहे असं त्यांनी कायमचं धरून ठेवलं होतं.

"लोखंड तापलं की विचार करायचा नसतो, मास्तर," ते मला म्हणत. (चष्मा लावणाऱ्या कोणालाही ते मास्तर म्हणत. मी खरोखरच मास्तर होतो, हा योगायोग.) "आधी हाणायचं. मग बघायचं काय झालंय ते. बघत बसलं की गार होतं."

हा नियम त्यांनी कारखान्याबाहेरही लावला. लिफ्ट अडकली की ते दाराला लाथ घालत. पाण्याचा पंप बंद पडला की हातोडी घेऊन जात. पंप एकदा खरंच चालू झाला, तेव्हापासून सोसायटीच्या दृष्टीने ते तांत्रिक सल्लागार झाले. भाजीवाल्याने शिळी मेथी दिली म्हणून त्यांनी जुडी त्याच्याच तोंडावर मारली होती. नंतर घरी जाऊन बघितलं तर मेथी बरी होती. "असेल," ते म्हणाले, "पण पुढच्या वेळी देताना विचार करेल."

त्यांचा मुलगा संजय हिंजवडीला मोठ्या पगारावर होता, चाळिशीला आला होता. आप्पांनी पंख्याचं बटण दाबायला हात वर केला तरी संजयची मान आपोआप खाली जाई. हे मी बऱ्याचदा बघितलं आहे. बाप-लेकांपैकी कोणाच्याच ते लक्षात येत नसे. मान खाली जाई, पंखा सुरू होई आणि दोघं पुन्हा क्रिकेटवर बोलू लागत.

आता साप. आप्पांनी मारलेला एक मी अगदी जवळून पाहिला. दामल्यांच्या गाडीचं मागचं चाक आणि खांब यांच्यामध्ये तो घोटाभर पाण्यात होता. पिवळट अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन. पहिला घाव मधोमध बसला. पाठ मोडल्याचा आवाज पाण्यातूनही ऐकू आला. मागचं अर्धं शरीर तिथेच पडून राहिलं आणि पुढचं अर्धं वर उठलं, मान चपटी करून.

"फणा! फणा काढला!" जिन्यातून ओरड झाली.

दुसरा घाव डोक्यावर. तिसराही डोक्यावरच. मग आप्पा थांबले नाहीत. साप मेल्यावरही ते हाणत राहत. चिखल, रक्त आणि पाणी त्यांच्या बनियनवर उडत राही, आणि कडं फरशीवर आपटल्याचा ठण् ठण् आवाज पार्किंगभर घुमत राही. लोक मोबाइलवर शूट करत ते फण्यापर्यंत. पुढचं कोणी घेत नसे. त्या दिवशी सापाच्या फुटलेल्या तोंडातून अर्धवट गिळलेला बेडूक बाहेर पडला, जरा वेळ पडून राहिला आणि उड्या मारत ओढ्याकडे गेला. त्या सगळ्या प्रकरणात फायदा झालेला तो एकटाच.

"नाग होता," आप्पा म्हणाले.

आप्पांनी मारलेला प्रत्येक साप नागच असे. याचं कारण साधं होतं. त्यांचं लहानपण स्वारगेटमागच्या एका चाळीत गेलं. तिथे साप वर्षातून एकदा येई, नागपंचमीला, गारुड्याच्या टोपलीतून. तो टोपलीतून वर येई आणि फणा काढी. त्यामुळे साप म्हणजे नाग आणि वर उठला म्हणजे फणा, इतकं त्यांचं सर्पशास्त्र तिथेच पुरं झालं. आमच्या सोसायटीत सगळे शिकलेले, पण बाकीच्यांचंही शास्त्र जवळपास तेवढंच होतं. आम्ही ते जिन्यातून शिकलो, इतकंच.

आणि नाग मारला म्हणजे त्याचं करावं लागतं. आप्पा मेलेला साप काठीवर उचलून मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये नेत, लाकडं रचत, वर तूप सोडत, चंदनाची काडी ठेवत आणि अग्नी देत. मग घरी येऊन डोक्यावरून अंघोळ करत आणि संध्याकाळपर्यंत जेवत नसत. इतक्या मनापासून मारणारा आणि इतक्या मनापासून सुतक पाळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मी एकदा विचारलं, "आप्पा, एवढं वाईट वाटतं तर मारता कशाला?"

"वाईट नंतर वाटतं," ते म्हणाले.

गणपतीत दामल्यांनी त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी. पगडी आप्पांच्या डोक्याला लहान पडली आणि पूर्ण भाषणभर त्यांनी ती एका हाताने धरून ठेवली. "कालियामर्दन करणाऱ्या श्रीकृष्णाप्रमाणे," दामले म्हणाले, "आपले केंजळेकाका…" श्रीकृष्णाने कालियाला मारलं नव्हतं, इथून जा म्हणून सांगितलं होतं, हे तिथे कोणाला आठवलं नाही. आप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माइकवर बोटाने ठकठक केलं, माइक बंद आहे असं वाटून त्याला एक चापट मारली, आणि स्पीकरमधून असा आवाज निघाला की पुढच्या रांगेतली मुलं रडायला लागली. सत्कार तिथेच संपला.

मुलांमधली एक रडली नाही, हसली. ती त्यांची नात सई.

सई तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. आप्पांचं भय नसलेली इमारतीतली ती एकमेव व्यक्ती. ती त्यांना 'ए आप्पा' म्हणे, काही सांगायचं असलं की त्यांचा उजवा कान दोन बोटांनी धरून आपल्याकडे ओढी आणि त्यात ओरडे. दुसऱ्या कोणी असा कान धरला असता तर त्याला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. संध्याकाळी दोघं पार्किंगच्या कट्ट्यावर शेंगा खात बसत. एका सापाला अग्नी दिला त्या दिवशी मी तिला विचारताना ऐकलं.

"ए आप्पा, त्याने तुला काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग?"

"करायच्या आधी मारायचा असतो."

सईने शेंग फोडली, आतले दाणे बघितले आणि म्हणाली, "मग तुला कसं कळणार तो करणार होता का नाही?"

आप्पांनी पुढची शेंग उचलली. बहुधा ऐकू आलं नसावं. ती डाव्या बाजूला बसली होती.

सईवर त्यांनी कधी हात उचलला नाही. सून माधवी हे कौतुकाने सांगायची. "संजयला पट्ट्याने मारायचे म्हणे, आणि हिच्यापुढे बघा, मांजर." हात उचलला तो एकदाच, आणि तेव्हा हातात दाढीचं पातं होतं आणि आपण हिला वाचवतो आहोत अशी त्यांची पक्की खात्री होती.

ती नागपंचमी होती. आमच्याकडे त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तव्यावर काही टाकायचं नाही. नागाला इजा होते म्हणतात. घरोघरी पुरणाची दिंडं उकडत होती. आप्पांच्या घरी हा नियम फारच कडक. सुनेने आदल्या दिवशीच विळी आणि सुऱ्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. आप्पांनी काठी दाराच्या मागे ठेवली होती. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि पार्किंगमध्ये पाणी होतं. सई सायकल बघायला खाली गेली.

तिची किंकाळी मी माझ्या घरात ऐकली. मी पोहोचलो तेव्हा आप्पा आधीच खाली होते. साप सईच्या पावलाला धरून होता. आप्पांनी तो उपटून काढला, खांबावर आपटला, पुन्हा आपटला आणि त्याच्या डोक्यावर पाय दिला. मग सईला कट्ट्यावर बसवून त्यांनी स्वतःच्या चड्डीची नाडी ओढून काढली आणि तिच्या पोटरीला इतकी आवळली की पाय बघता बघता काळानिळा पडला. "पातं! पातं आणा!" ते ओरडले. वॉचमन शिंदे आपल्या केबिनमधून दाढीचं पातं घेऊन धावत आला.

"आप्पा, नको, आपण दवाखान्यात…" मी म्हणालो. मी डाव्या बाजूला होतो. उजव्या बाजूला असतो तरी फरक पडला नसता.

"धरा तिला," आप्पा म्हणाले.

शिंदेने खांदे धरले. घोट्याच्या पुढच्या बाजूला, दातांच्या खुणांवर, आप्पांनी एक आडवा आणि एक उभा असे दोन काप घेतले. त्यांचा हात जड होता. लोखंडाची सवय असलेला हात. सई "ए आप्पा, नको, ए आप्पा" असं म्हणत होती आणि मग नुसती ओरडत होती. त्यांनी जखमेला तोंड लावलं, रक्त ओढलं, थुंकलं, पुन्हा ओढलं. पाणी लाल झालं. त्या सकाळी आमच्या इमारतीत कोणी भाजीसुद्धा चिरली नव्हती.

गाडी माझी होती, म्हणून मी दवाखान्यात होतो. संजय आणि माधवी मागून आले. सई मागच्या सीटवर आप्पांच्या मांडीवर होती आणि आप्पांच्या दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत मेलेला साप. "डॉक्टर लोक साप बघायला मागतात," त्यांनी मला सांगितलं. तोंडाला रक्त लागलेलं होतं. ते शांत होते. करायचं ते केलेला माणूस जितका शांत असतो तितके.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होती, चंद्रपूरकडची. तिने आधी पोटरीवरची नाडी कापून टाकली, मग पाय बघितला, मग पिशवी उघडून साप बघितला.

"नाग आहे," आप्पा म्हणाले.

"दिवड आहे हा," ती म्हणाली. "पाण्यातला. याला विष नसतंच."

"काय?"

"दिवड आहे! विष नसतं!"

"फणा काढला होता."

"मान पसरवतो तो. घाबरला की पसरवतो. आमच्याकडे धानाच्या बांधीत रोजचे निघतात, आजोबा. चावतो जोरात, रक्त येते, धुवून टाकायचं, झालं." तिने दातांच्या बारीक खुणांची रांग बोटाने दाखवली. मग तिचं बोट त्या दोन कापांवर आलं. "आणि हे? हे कोणी केलं?"

"काय?"

"मी विचारते, पाय कोणी कापला?"

हा प्रश्न तिला तिसऱ्यांदा आणखी मोठ्याने विचारावा लागला. तोपर्यंत तो सगळ्या वॉर्डाने ऐकला होता आणि दारातून आत येणाऱ्या माधवीनेही.

"मी," आप्पा म्हणाले.

पाऊल वर उचलणारी टेंडन तुटली होती. तिथे रक्त थांबवलं, मग मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, टेंडन जोडली, जखमेत पू झाला, पुन्हा उघडावी लागली. शेवटी डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पाऊल पूर्ण उचललं जाणार नाही. सई बाहेर आली ती उजवं पाऊल फरशीवर घासत. सर्र, थप. सर्र, थप. जिन्याच्या प्रत्येक पायरीला तिचा अंगठा अडे.

तो साप दवाखान्यातल्या मावशींनी पिशवीसकट पिवळ्या डब्यात टाकला. नाग असता तर त्याला तूप आणि चंदन मिळालं असतं.

माधवी आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. आप्पांच्या समोर उभी राहून, त्यांच्या उजव्या कानाला ऐकू जाईल अशा बेताने, ती एवढंच म्हणाली, "आप्पा, सापाने नुसते दात लावले होते. पातं तुम्ही लावलंत. ती आता तुमच्या घरात राहणार नाही." आणि ते तिघं कर्वेनगरला, माधवीच्या आईच्या शेजारी राहायला गेले. संजय रविवारी डबा घेऊन येई. सई येत नसे. आप्पांनी एकदा फोन लावला तर माधवीने तो घेतला आणि ठेवला. त्यांनी परत लावला नाही.

लोकांना वाटलं म्हातारा आता मऊ होईल. तसं काही झालं नाही. काठी तीच राहिली, फक्त तिचं तोंड फिरलं. पुढच्याच महिन्यात शेजारच्या बांधकामावर चार-पाच जणांनी एका दिवडाला घेरून विटा मारायला सुरुवात केली. आप्पा कुंपण ओलांडून गेले आणि एकाच्या मनगटावर काठी घातली. हाड मोडलं. दुसऱ्याच्या पाठीत घातली. तिसरा पळाला. दिवड मेला तो मेलाच. चौकीत मला बोलावून घेतलं, कारण आप्पांना प्रश्न ऐकू जात नव्हते आणि ओरडून हवालदाराचा घसा बसला होता.

"काका," हवालदार मेटाकुटीला येऊन म्हणाला, "सापासाठी माणसाचा हात मोडता?"

"सापाला हात नाहीत," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"त्याला दुसऱ्याला हाणता येत नाही. म्हणून मी हाणलं."

"अहो, पण विचारायचं तरी! सांगून बघायचं!"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर, हा काय म्हणतोय?" मी सांगितलं. ते टेबलाकडे बघत म्हणाले, "ते मला जमत नाही."

त्यांच्याबद्दल मला पुढे काहीही ऐकायला मिळालं तरी हे वाक्य आठवतं. इतका प्रामाणिक जबाब त्या चौकीत क्वचितच नोंदवला गेला असेल.

त्यानंतर ते पावसाळाभर पार्किंगच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी आडवी धरून बसत. साप आला की लोक आता त्यांना हाक मारत नसत, त्यांच्यापासून लपवून मारू बघत. दामल्यांनी सापाची पावडर मारणारा माणूस आणला तेव्हा आप्पांनी त्याचा डबा त्याच्याच डोक्यावर उपडा केला. सोसायटीने त्यांना नोटीस पाठवली. ती त्यांनी न वाचता खुर्चीच्या तुटक्या पायाखाली घडी करून घातली. खुर्ची डुगडुगायची थांबली. नोटिशीचा इतका चांगला उपयोग आमच्याकडे दुसरा झालेला नाही.

ते कोणाशी बोलत नसत. पण कोणाच्या चपलेचा फरशीवर घासल्याचा आवाज आला की चटकन मान वळवत. उजवीकडून आला तर. मग बघत, की कोणी दुसराच आहे, आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करत.

आता जे सांगतो ते पुढच्या वर्षीच्या श्रावणातलं, एका रविवारच्या सकाळचं. नंतर आप्पा आजारी पडले, दवाखान्यात होते, घरी होते, तेव्हाही मी त्यांना पाहिलं. पण ते पाहणं धरण्यासारखं नाही.

संजय टेम्पो घेऊन आला होता. सईचं अभ्यासाचं टेबल न्यायला. एवढं एकच सामान आप्पांच्या घरात राहिलं होतं. ते का राहिलं होतं हे सगळ्यांना कळत होतं आणि ते आज निघालं याचा अर्थही कळत होता. टेबलाच्या खणाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही अशी सईने अट घातली होती, म्हणून तिला आणावं लागलं. माधवी गेटबाहेर गाडीत काचा वर करून बसली होती.

सई जिन्याच्या तळाशी उभी होती. उंच झाली होती. आप्पा खुर्चीवर होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, आणि इतक्या नेमकेपणाने बघितलं नाही की ते लांबूनही दिसत होतं. संजय आणि टेम्पोवाला टेबल उचलून आणत होते. टेबलाचा पाय कोपऱ्यातल्या पिंपाला लागला, पिंप कलंडलं आणि मागून दिवड निघाला. चांगला हातभर लांब.

"साप! साप!" टेम्पोवाल्याने टेबल सोडलं आणि टेम्पोतला लोखंडी रॉड ओढला. शिंदे आपला दांडा घेऊन धावला. वरच्या गॅलरीत दामले आले. "अहो केंजळे, नाग! हाणा, हाणा!" सवयीने तोंडातून गेलं असावं.

टेम्पोवाल्याचा पहिला फटका शेपटीवर बसला. दिवड भिंतीशी दबला, वर उठला, त्याने मान पसरली. दुसरा फटका मारायला रॉड वर गेला तो खाली आलाच नाही, कारण आप्पांची काठी मध्ये आली होती. रॉड उडून पार्किंगमधल्या एका गाडीच्या काचेवर पडला, काच फुटली. टेम्पोवाला मनगट धरून खाली बसला. शिंदेच्या छातीत कोपर बसलं आणि तो पिंपावर कोसळला. आप्पांनी काठी पुन्हा वर उचलली. आता कोणावर, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

तेव्हा त्यांना संजय दिसला. कोणी त्याला काही केलं नव्हतं. तो दहा पावलं लांब होता. पण तो खाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, गुडघ्यांत मान घालून, शाळकरी पोरासारखा. आणि त्याच्या मागे सई उभी होती, ताठ. ती काठीकडे बघत होती.

आप्पांनी काठी टाकली. कडं फरशीवर ठणकन वाजलं. मग ते वाकले आणि त्यांनी तो दिवड उघड्या हाताने उचलला.

तो चावणारच होता. अंगठा आणि बोट यांच्या मधल्या मांसात त्याने दात रोवले आणि सोडलं नाही, चावत राहिला. रक्ताची धार आप्पांच्या मनगटावरून, त्या काळ्या ठिपक्यांवरून, कोपरापर्यंत आली आणि टपटप पाण्यात पडू लागली.

"बांधा! अहो, बांधा काहीतरी!" दामले वरून ओरडले. "कोणीतरी ब्लेड आणा! ब्लेड!"

शिंदे पडला होता तिथून उठला नाही. दामल्यांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण गॅलरीचं दार लागल्याचा आवाज आला.

सर्र, थप. सर्र, थप. सई पाण्यातून चालत आली. आप्पांच्या डाव्या बाजूला उभी राहून तिने हाताला लटकलेल्या सापाकडे नीट बघितलं.

"दुखतंय?" तिने विचारलं.

आप्पांना तिचे ओठ हलताना दिसले. त्यांनी मान खाली केली. "थोडं," ते म्हणाले. प्रश्न त्यांनी अंदाजाने ओळखला असणार.

"मला पण तेव्हा एवढंच दुखलं होतं," सई म्हणाली.

आप्पा हाताकडेच बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नाही असं तिला वाटलं. ती वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेली, दोन बोटांनी त्यांचा कान धरला, आपल्याकडे ओढला आणि ओरडली, "मला पण एवढंच दुखलं होतं! साप चावला तेव्हा! नंतरचं जास्त दुखलं!"

खांबांवरून तिचा आवाज परत आला. संजयने डोक्यावरचे हात काढले.

"ऐकू आलं," आप्पा म्हणाले. मग, "पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच आलं होतं."

तिने कान सोडला नाही.

"काढून टाक ना त्याला," ती म्हणाली.

"ओढला तर दात मोडतील त्याचे. त्याचं झालं की सोडेल."

ते ओढ्याकडे निघाले. हात पुढे धरलेला, त्याला चिकटून दिवड आणि बाजूला त्यांचा कान धरून ती. सर्र, थप. त्यांनी आपली चाल तिच्या पावलाइतकी मंद केली होती. काठावरच्या सिमेंटच्या बांधाशी ते उकिडवे बसले आणि त्यांनी हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला. कधी नव्हे ते ते वाट बघत बसले. पाण्यात लाल धागा निघून खाली वाहत होता. साप अजून सोडत नव्हता.

मागे टेबल टेम्पोत चढलं. गेटबाहेर माधवीने हॉर्न दिला, थांबली आणि पुन्हा दिला. काठावरची दोघंही वळली नाहीत. आप्पांना ऐकू येत नव्हतं. तिला येत होतं.